चेपस्टोचा किल्ला : लेख आणि अवशेष

वेल्सच्या आग्नेय सीमेवर, वाय नदीच्या काठच्या चुनखडीच्या उभ्या कड्यावर, चेपस्टोचा नॉर्मन किल्ला आहे. १०६६ साली विल्यमने इंग्लंड जिंकले. त्याचा विश्वासू सरदार विल्यम फिट्झ ऑस्बर्न याने लवकरच या नाक्याच्या जागी ठाणे घातले. १०८६ च्या डूम्सडे नोंदवहीत या किल्ल्याचे श्रेय त्यालाच दिलेले आहे.

तथापि येथील दगडी महाबुरूजही त्यानेच बांधला काय, हा प्रश्न निराळा आहे. फिट्झ ऑस्बर्न १०७१ साली लढाईत पडला. त्या काळी नॉर्मनांचे बहुतेक किल्ले माती व लाकूड यांचे असत. एवढी भव्य दगडी वास्तू चारपाच वर्षांत पुरी होणे कठीण. म्हणून ती १०८१ च्या वेल्स-यात्रेच्या सुमारास खुद्द राजाने उभारली असावी, असे काही अभ्यासक मानतात. भिंतीत रोमन विटांचा लाल पट्टा आहे. जुन्या साम्राज्याचा वारसा मिरविण्याची ही राजवृत्ती त्या मताला पोषक आहे, असे आम्हांस वाटते.

दुसरा दाखला महाद्वाराचा. ११८९ साली विवाहसंबंधाने किल्ला विल्यम मार्शलकडे आला. त्याच्या द्वाराचे बुरूज पूर्वी तेराव्या शतकातील समजले जात. पुढे तेथील ओकच्या कवाडांची वर्तुळे मोजली, तेव्हा ते लाकूड ११९० पूर्वीचे ठरले आणि द्वाराचा काळही मागे गेला. दप्तराने जे सांगितले नाही, ते लाकडाने सांगितले.

पुढे रॉजर बिगॉडने निवासी वाडे व मोठा बुरूज बांधला. वाड्याखालच्या तळघरातून नदीतील नावांवरचा माल दोरांनी वर ओढीत. यादवी युद्धात १६४५ व १६४८ साली किल्ला पडला. चार्ल्स राजाच्या मृत्युपत्रकावर सही करणारा हेन्री मार्टेन बिगॉडच्याच बुरुजात कैदेत राहिला आणि १६८० साली तेथेच वारला. आज तो बुरूज बांधणाऱ्याच्या नव्हे, कैद्याच्या नावाने ओळखला जातो!

वर्गात आपण किल्ल्यासंगे एक संस्थापक व एक सन पाठ करून घेतो. पण ‘ठाणे कोणी घातले’ आणि ‘ही भिंत कोणी बांधली’ हे दोन प्रश्न आहेत. ते वेगळे ठेवण्याची सवय विद्यार्थ्यांस लागली, तर सन विसरले तरी इतिहास त्यांच्याजवळ राहील.