नावातलं मांजर

आजचा पाहुणा चिपळूणच्या आसपासच्या जंगलात राहतो, पण फक्त रात्री बाहेर पडतो. अंगभर खवले, तोंडात एकही दात नाही, जीभ हातभर लांब, जेवणात मुंग्या नि वाळवी. इंग्रजीत पँगोलिन. आपण म्हणतो खवले मांजर, कुणी खवल्या मांजर.

आता म्हणाल, यात मांजर कुठून आलं? ना मिशा, ना म्याऊ. थांबा, तीच तर गंमत आहे.

1758 साली स्वीडनच्या कार्ल लिनियसने जगातल्या प्राण्यांची मोठी यादी छापली. त्यात पँगोलिनला त्याने बसवलं स्लॉथ आणि मुंगीखाऊच्या पंगतीत. त्याच पंगतीत हत्तीही होता बरं का! पुढे हत्ती गेला, आर्माडिलो आला आणि या मंडळींना ‘दंतहीन’ असं नाव पडलं. तेही धडपणे लागू नव्हतं, कारण स्लॉथ आणि आर्माडिलो दोघांनाही दाढा असतात.

स्लॉथ, मुंगीखाऊ आणि आर्माडिलो हे खरोखरच एका घराण्यातले. दक्षिण अमेरिका कोट्यवधी वर्षं बेटासारखी एकटी होती, तिथेच ते घडले. त्यांच्या पाठीच्या मणक्यांना जादाचे सांधे असतात, ही त्यांची घराण्याची खूण. सुमारे 30 लाख वर्षांपूर्वी पनामाची जमीन जोडली गेली, तेव्हा त्यातले काही चालत उत्तरेला गेले. कोकणापर्यंत मात्र कुणी पोचलं नाही. पँगोलिनच्या मणक्यांना ते सांधे नाहीतच. 1904 साली माक्स वेबर या शास्त्रज्ञाने त्याला वेगळा गण दिला. खरे नातेवाईक कोण, हे कोडं मात्र तसंच राहिलं.

2001 च्या सुमारास डीएनए तपासून निकाल लागला. पँगोलिनचे सगळ्यात जवळचे जिवंत नातेवाईक म्हणजे मांसाहारी गण: वाघ, कुत्रा, अस्वल आणि हो, मांजर! नाव ठेवणाऱ्यांनी काही डीएनए पाहिला नव्हता, त्यांनी बहुधा आकार पाहिला. तरी लिनियसपेक्षा नेम जवळ लागला, हे मला भारी आवडतं.

मग मुंगीखाऊशी एवढं साम्य कसं? धंदा एकच, म्हणून हत्यारंही तीच. वारूळ फोडायला नखं लागतात, आत शिरायला लांब चिकट जीभ लागते आणि मुंग्या चावायला दात लागत नाहीत. दोन वेगळ्या खंडांत दोन वेगळी घराणी एकाच आकाराला आली. पण चिलखत बघा. आर्माडिलोचं हाडाच्या तुकड्यांचं, पँगोलिनचं केराटिनचं, म्हणजे तुमच्या-माझ्या नखांचं जे द्रव्य तेच.

आणि त्या नखांपायीच त्याचा जीव जातो. औषध म्हणून खवल्यांची तस्करी होते. बिबट्या आला की खवले मांजर अंगाचं मुटकुळं करतं, बिबट्याला ते उलगडत नाही. माणूस तेच मुटकुळं उचलून पिशवीत टाकतो. कोट्यवधी वर्षं चाललेली युक्ती इथे उलटी पडते. त्यात मादीला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होतं, त्यामुळे गेलेली संख्या भरून यायला फार वेळ लागतो. आपल्या 1972 च्या वन्यजीव कायद्यात त्याला वाघाइतकंच, पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. 2016 साली जोहान्सबर्गच्या परिषदेत पँगोलिनच्या आठही जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदीचा निर्णय झाला. कुठे खवले विकायला आलेले कळले, तर वनविभागाचा 1926 हा क्रमांक आहे.

चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था, हो, वेळासच्या कासवांवाली भाऊ काटदरे यांची, गावोगाव या प्राण्यासाठी काम करते. 2020 च्या फेब्रुवारीत, जागतिक पँगोलिन दिनाला, चिपळूण तालुक्यातल्या डुगवे गावात ‘खवलोत्सव’ झाला. शिमग्यात देवाची नाचवतात तशी पालखी नाचवली गावाने, आणि पालखीत होती खवले मांजराची प्रतिकृती.