पांच भूतकाळांची भाषा



दक्षिण अमेरिकेंतील पेरू देशाच्या ईशान्येस इक्वितोस नांवाचें शहर आहे. तेथून ॲमेझॉनच्या प्रवाहाबरोबर पूर्वेकडे जाऊं लागलें म्हणजे उपनद्यांच्या कांठीं यागुआ लोकांचीं लहान लहान गांवें लागतात. खांबांवर उभारलेलीं व झावळ्यांनीं शाकारलेलीं थोडीं घरें, कांठाला बांधलेल्या होड्या, आणि मागें कसाव्याचीं शेतें. ज्या कंदापासून आपल्याकडे साबूदाणा होतो, तोच यांचें मुख्य अन्न. नदी हाच येथला राजमार्ग.

पूर्वीं मात्र गांवाचें रूप निराळें होतें. गवताच्या उडवीसारखें, जमिनीला टेकलेल्या छपराचें एकच प्रचंड घर असे व त्यांत एका कुळांतील अनेक कुटुंबें एकत्र नांदत. पुरुष लांब फुंकनळींतून विषारी बाण मारून शिकार करीत आणि कमरेला ताडाच्या तंतूंचा झगा बांधीत. इ. स. १५४२ मध्यें ओरेयाना हा स्पॅनिश सरदार या नदीनें खालीं गेला. त्याच्या लोकांनीं यागुआ पुरुषांनाच झग्यांवरून स्त्रिया समजून लढवय्या स्त्रियांची कथा पसरविली, असें पुष्कळदां सांगतात. परंतु ती लढाई झाली ती जागा यागुआंच्या प्रदेशापासून फार दूर, ब्राझीलमध्यें आहे.

पुढें जेजुइट धर्मोपदेशक आले. त्यांनीं रानांत विखुरलेल्या कुळांना नदीकांठच्या वसाहतींत आणलें. १७६७ सालीं स्पेनच्या राजानें त्यांना हद्दपार केलें, आणि त्या वसाहती ओसरल्या. खरें संकट आलें तें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, रबराच्या रूपानें. व्यापारी सुरी, कापड उधार देत आणि त्याच्या फेडीसाठीं माणसांना रानांत राबवीत. हिशेब त्यांच्याच वहींत असल्यामुळें कर्ज कधीं फिटत नसे. आशियांतील मळ्यांच्या रबरानें १९१२ च्या सुमारास हा व्यापार बसला, तरी उधारीची ही रीत राहिलीच.

१९४०-४१ मध्यें पॉल फेयोश हा मूळचा हंगेरियन चित्रपट-दिग्दर्शक यागुआंत राहिला. त्याचा ग्रंथ १९४३ सालीं प्रसिद्ध झाला. त्यानंतर घरें बदललीं, वस्त्रेंहि बदललीं. आतां कांहीं गांवांत तो झगा प्रवाशांची नाव आली म्हणजे चढवितात, आणि ती गेली कीं उतरवितात. अशा लोकांचा इतिहास संपला, असें पाहुण्यास वाटणें साहजिक आहे. परंतु तो वस्त्रांत नव्हताच.

तो त्यांच्या भाषेंत आहे. यागुआ भाषेंत भूतकाळाचे पांच प्रकार आहेत. आज घडलेल्या गोष्टीस एक प्रत्यय, काल घडलेल्या गोष्टीस दुसरा, आठवड्या-महिन्यापूर्वींच्या गोष्टीस तिसरा, वर्षा-दोन वर्षांपूर्वींच्या गोष्टीस चौथा, आणि दूरच्या वा पुराणकाळच्या गोष्टीस पांचवा. ती गोष्ट कितपत जुनी, हें बोलणाऱ्यास क्रियापदांतच सांगतां येतें. आपण ज्यासाठीं सनावळ्या पाठ करतों, त्याची सोय त्यांच्या व्याकरणानेंच केली आहे.

पेबा व यामेओ या तिच्या भगिनीभाषा नामशेष झाल्या. या कुळांतील हीच एक उरली. १९७४ च्या कायद्यानें पेरूंतील अशा जमातींस सामुदायिक जमिनीचा हक्क मागण्याची वाट मोकळी झाली. जमीन कागदानें राखतां येते. भाषा मात्र घरांत बोलूनच राखावी लागते, आणि पुष्कळ घरांतील मुलें आतां स्पॅनिश बोलतात. तो पांचवा प्रत्यय उद्यां या भाषेलाच लागावयाचा कीं नाहीं, हें त्या घरांवर अवलंबून आहे.