प्लेगच्या काळातील मुंबईची घरतपासणी

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात गाठी येऊन दगावणाऱ्या रुग्णांचा आजार प्लेग असल्याचे निदान डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी केले. बार्देशातील हडफडे येथे जन्मलेले व्हिएगस मुंबई महापालिकेचे सदस्यही होते. धान्याची कोठारे आणि दाट वस्तीच्या चाळी असलेल्या मांडवीतून साथ शहरभर पसरली आणि घरांची सक्तीची तपासणी सुरू झाली.

रोगाचे मूळ घाण, ओल व कोंदट हवेत आहे, अशी तत्कालीन आरोग्य अधिकाऱ्यांची धारणा होती. त्यानुसार गटारे धुण्यात येत, भिंतींना चुना फासला जाई, कार्बोलिक आम्ल शिंपडले जाई आणि उजेडासाठी छपरावरची कौले उतरविली जात. प्लेगने मृत्यू झालेल्या घराच्या दारावर वर्तुळाची खूण करीत. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरावर ‘यूएचएच’ ही इंग्रजी आद्याक्षरे रंगविली जात. ‘मनुष्यवस्तीस अयोग्य’ असा त्यांचा अर्थ होता.

रुग्णांना सक्तीने हलविण्यामुळे लोकक्षोभ वाढला. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांनी आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. फेब्रुवारी १८९७ मधील साथरोग कायद्याने सरकारचे अधिकार आणखी व्यापक झाले. पुण्यात सैनिकांकरवी झालेल्या घरझडतीच्या संतापातून २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडण्यात आली.

प्लेगचा प्रसार उंदरांवरील पिसवांमुळे होतो, हे पॉल-लुई सिमोंद यांनी १८९८ मध्ये कराचीत प्रयोगाने दाखविले. तथापि ते सर्वमान्य होण्यास काही वर्षे लागली. तोवर तपासणीचा रोख उंदरांपेक्षा भिंती आणि मोऱ्यांवरच राहिला.

तरीही या तपासणीने कामगारवस्तीची दुरवस्था सरकारदरबारी नोंदविली गेली. १८९८ मध्ये मुंबई सुधार न्यास स्थापन झाला. त्याने दाट वस्त्यांतून रुंद रस्ते काढले, चाळी बांधल्या आणि दादर-माटुंगा भागाची आखणी केली. मात्र सुरुवातीच्या काळात पाडलेल्या खोल्यांच्या मानाने नव्या खोल्या अपुऱ्या पडल्या. बेघर झालेली अनेक कुटुंबे जवळच्याच चाळींत दाटीने राहू लागली. घर अयोग्य ठरविण्याचा अधिकार यंत्रणेजवळ होता. पर्यायी निवारा देण्याची तजवीज मात्र तोकडी होती.