तळेगावची लोकल आणि दोन हजार वर्षांचा उत्तरमार्ग

तळेगाव दाभाडे स्थानकातून लोणावळ्याकडे जाणारी लोकल सुटली की वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली ही स्थानके एकामागून एक येतात. तासाभराच्या आत संपणारा हा प्रवास. आजचा धागा याच लोहमार्गाविषयी आहे, आणि त्यावरील स्थानकांवर उतरून पायी गाठता येणाऱ्या लेण्यांविषयी. या लेण्यांबद्दल एक समज शाळेपासून आपल्या मनात घट्ट बसलेला असतो: जगापासून दूर, एकांतात, डोंगराच्या कुशीत भिक्षू ध्यानाला बसत. समज रम्य आहे, पण मळवलीला उतरून दोन तास चालले की तो टिकत नाही.

प्रथम तळेगावाविषयी थोडे. बाजारपेठेचे हे जुने गाव दाभाडे घराण्याचे. १७१७ मध्ये शाहू महाराजांनी खंडेराव दाभाड्यांना सेनापतिपद दिले, तेव्हापासून मराठ्यांच्या राजकारणात तळेगावचे नाव ठळक झाले. परंतु गावाचे महत्त्व केवळ दाभाड्यांमुळे नाही. कोकणातून बोरघाट चढून वर आलेला माणूस इंद्रायणीच्या खोऱ्यातून पूर्वेकडे निघाला की खोरे संपून मोकळे पठार सुरू होते त्या तोंडावर तळेगाव आहे. घाटातून येणाऱ्याला ते टाळता येत नाही.

इंग्रजांनाही ते टाळता आले नाही. रघुनाथरावांना पेशवेपदावर बसवण्यासाठी मुंबईहून निघालेली कंपनीची सुमारे चार हजारांची फौज १७७९ च्या जानेवारीत नेमकी याच खोऱ्यातून सरकत होती. तोफा, सामानाचे बैल आणि मुक्कामामागून मुक्काम. ४ जानेवारीला कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट पडला. मराठी लोकांनी ज्याला ‘इष्टूर फाकडा’ म्हणून स्मरणात ठेवले तोच हा. फौज तळेगावला पोहोचली तेव्हा गाव जाळलेले होते, धान्यचारा नव्हता. ११ जानेवारीच्या रात्री इंग्रज परत फिरले आणि वडगावात महादजी शिंद्यांच्या फौजेने त्यांना घेरले. वडगावचा तह त्यातूनच झाला. आज लोकलने तळेगाव ते वडगाव हे अंतर चहा निवण्याआधी कापले जाते. त्या रात्री चारही बाजूंनी घेरलेल्या फौजेला ते पुरे पडले नाही.

मात्र हा रस्ता १७७९ मध्ये जुनाच होता. किती जुना, हे पाहण्यासाठी मळवलीला उतरायचे.

मळवली स्थानकाच्या दक्षिणेला भाजे, उत्तरेला कार्ले. भाज्याची वाट साधारण पाऊण तासाची, पावसाळ्यात धबधब्यांच्या गर्दीची. लेणे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातले, म्हणजे या डोंगररांगेतील सर्वांत आधीच्या लेण्यांपैकी. चैत्यगृहाचे खांब किंचित आत कललेले आहेत. लाकडी बांधकामात छताचा भार पेलण्यासाठी खांब तसे तिरके रोवावे लागत; दगडात त्याची काहीच गरज नव्हती. कारागिरांचे हात मात्र अजून लाकडाच्याच सवयीत होते. बहुतेक पर्यटक हे चैत्यगृह आणि त्याची भव्य कमान पाहून खाली उतरतात. पहिल्या भेटीत मीही तेच केले.

खरे वाचण्यासारखे आहे ते बाजूला. चैत्यगृहाच्या दक्षिणेस लहान-मोठे चौदा स्तूप एका जागी दाटीने उभे आहेत. त्यांतील काहींवर अम्पिनिक, धम्मगिरी, संघदिन अशी दिवंगत थेरांची नावे कोरलेली आहेत. आणि जवळच्या पाण्याच्या टाक्यावर एक छोटा लेख आहे: ही ‘पोढी’ महारठी कोसिकीपुत्र विण्हुदत्त याचे दान. पोढी म्हणजे खडकात खोदलेले पाण्याचे टाके. महारठी ही त्या काळातील मोठ्या सरदारांची पदवी. (या पदवीतून ‘महाराष्ट्र’ आले की नाही, हा वाद या धाग्यात काढत नाही, तो काढला की धागा संपत नाही.)

मोठा सरदार डोंगरात पाण्याचे टाके का खोदवतो? पुण्य हे उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे. मूठभर ध्यानस्थ भिक्षूंसाठी इतकी टाकी लागत नाहीत. पाणी लागते ते येणाऱ्या-जाणाऱ्यांना.

असेच एक टाके बेडश्याला आहे. त्यासाठी कामशेतला उतरून दक्षिणेकडे पवना खोऱ्याच्या दिशेने सात-आठ किलोमीटर जावे लागते आणि शेवटी पायऱ्या चढाव्या लागतात. या टाक्याची दात्री स्त्री आहे: सामडिनिका, महाभोजाची कन्या, आपदेवणकाची पत्नी, स्वतः ‘महारठिनी’ ही पदवी मिरवणारी. महाभोज ही पदवी कोकणातील सत्ताधाऱ्यांच्या लेखांत वारंवार भेटते. लेक आणि सून यांच्या नात्यांनी घाटाखालचा आणि घाटावरचा प्रदेश जोडला जात होता, असे या एका ओळीवरून म्हणता येईल का? मला तसे वाटते. लग्नाची वऱ्हाडेही त्याच घाटाने चढत-उतरत असणार. बेडश्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागातील लेखातला दाता पुष्यणक मात्र नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा मुलगा आहे. नाशिकचा व्यापारी पवना खोऱ्यात दान देतो, याचा अर्थ त्याची माणसे आणि त्याचा माल या बाजूने जात होता.

आता कार्ले. मळवलीहून उत्तरेस तासाभराहून थोडी अधिक चाल, आणि चढ वेगळा. एकवीरा आईच्या भक्तांमुळे येथे कायम वर्दळ असते. देवीचे मंदिर चैत्यगृहाच्या अगदी दारात आहे. दर्शनी भागासमोर डावीकडे सिंहस्तंभ उभा आहे. त्याच्या जोडीचा दुसरा स्तंभ आज मंदिर आहे त्या जागी असावा, असे मानले जाते. उरलेला स्तंभ महारठी गोतिपुत्र अग्निमित्रणकाचे दान आहे. आतले चैत्यगृह सुमारे ३८ मीटर लांब. छताच्या लाकडी कमानी मूळच्या, म्हणजे जवळजवळ दोन हजार वर्षांच्या. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचा लेख या शैलगृहाला जंबुद्वीपातील सर्वोत्तम म्हणतो. जाहिरात म्हणावी तर तशी, पण खोटी नाही. वैजयंती म्हणजे सामान्यतः कर्नाटकातील बनवासी समजली जाते. खांबांवरील दात्यांत सोपाऱ्याचा सातिमित आहे आणि धेनुकाकट नावाच्या गावचे अनेक जण आहेत. त्यांतील काही स्वतःला यवन म्हणवतात. धेनुकाकट कुठे होते यावर अभ्यासकांचे अजून एकमत नाही.

यातील दोन नावे मला सर्वांत जवळची वाटतात. चैत्यगृहाच्या दारावरील लेखांत धेनुकाकटचा गंधिक, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, सिंहदत्त आहे. आणि दार घडवणारा वढकी, म्हणजे सुतार, वेणुवासाचा मुलगा सामी आहे. दगड खोदणाऱ्या सुताराने स्वतःचे नाव कोरले, आणि कुणी ते पुसले नाही.

बनवासी, सोपारा, नाशिक आणि हे बेपत्ता धेनुकाकट: इतक्या दूरची माणसे एकांतात येऊन दान देत नसतात. ती वाटेवर देतात. त्या वाटेचा पुरावा कार्ल्याच्या भिंतीवर राजाज्ञेच्या रूपात आहे. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात (ऋषभदत्त) याने वलूरकच्या लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंना करजिक गाव दिले होते. वलूरक हे कार्ल्याच्या विहाराचे तेव्हाचे नाव. पुढे क्षत्रपांची सत्ता मोडली, सातवाहन आले, आणि गौतमीपुत्र सातकर्णीची मानली जाणारी आज्ञा निघाली: मामाल आहारातील, उत्तरमार्गावरील करजक गाव भिक्षूंना देण्यात यावे. आहार म्हणजे जिल्हा. सत्ता बदलली, दान टिकले, आणि त्याच्या नोंदीत जिल्ह्याचे नाव आले, मार्गाचेही आले. मामाल म्हणजेच आपले मावळ. तळेगावच्या फलाटावर उभे राहून आपण जे नाव सहज उच्चारतो, ते सातवाहनांच्या दप्तरात होते.

लेणी व्यापारी मार्गांवर आहेत, हे आग्रहाने मांडणाऱ्यांत दामोदर धर्मानंद कोसंबी अग्रभागी होते. गोव्यात जन्मलेले हे गणितज्ञ पुण्यात राहत आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जाण्यासाठी डेक्कन क्वीनने ये-जा करत. म्हणजे ज्या खोऱ्याविषयी त्यांनी लिहिले, त्याच्या मधोमध ते कित्येक वर्षे गाडीच्या खिडकीत बसून जात होते. पण त्यांचा भर खिडकीवर नव्हता, पायांवर होता. मावळातील पायवाटांवर त्यांनी अश्मयुगीन लहान हत्यारे वेचली, वाटांच्या कडेची देवीची ठाणी नोंदवली, आणि सांगितले की गुराख्यांच्या फार जुन्या वाटांवरच पुढे तांड्यांचे मार्ग आले आणि त्या मार्गांवर विहार आले. १९६२ च्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या पुस्तकात हा विचार विस्ताराने आला आहे. त्यांचे प्रत्येक अनुमान आज मान्य होते असे नाही. त्यांची पद्धत मात्र कोणत्याही विद्यार्थ्याला लोकलच्या तिकिटात परवडते.

रेल्वे या सगळ्यात सर्वांत शेवटी आली. खंडाळा ते पुणे लोहमार्ग १८५८ मध्ये सुरू झाला, पण घाटाचा टप्पा पूर्ण व्हायला १८६३ उजाडले. मधली पाच वर्षे प्रवासी खोपोलीला उतरत, घाट रस्त्याने चढत आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसत. घाटाच्या कामाचा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल काम हाती घेतल्यावर लवकरच वारला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ठेका पुढे चालवला. तिचे नाव इतिहासात आहे. घाट फोडणाऱ्या हजारो मजुरांत एकही सामी आपल्याला नावाने भेटत नाही, कारण त्यांना कोरायला भिंत कुणी दिली नाही.

कोरण्यावरून एक विनंती. या तिन्ही लेण्यांत अलीकडच्या पर्यटकांनी आपापली नावे खरवडली आहेत, काही ठिकाणी मूळ लेखांपासून हातभर अंतरावर. ब्राह्मी अक्षरे उथळ असतात आणि बोटांनी, खडूने, पाण्याने घासली की झिजतात. लेख वाचायचा असेल तर बॅटरीचा प्रकाश बाजूने, तिरका टाका; अक्षरे सावलीत उठून दिसतात. हात लावण्याची गरज पडत नाही.

जाणाऱ्यांसाठी शेवटचे. बेडसे पूर्वाभिमुख आहे, त्यामुळे तिथे सकाळी उन्हे थेट आत शिरतात. कामशेतला पहाटेच्या लोकलने उतरा. भाजे आणि कार्ले पश्चिमाभिमुख आहेत, ती दुपार कलल्यावर. मळवलीला परतीची गाडी कधी आहे हे उतरतानाच पाहून ठेवा, कारण दुपारी दोन लोकलमधले अंतर बरेच मोठे असते. आणि भाज्याला गेलात तर कमानीपाशीच थांबू नका. त्या टाक्यापर्यंत जा.