काशीतील मराठी घरे आणि क्रोशाची सुई

काशीतील मराठी मंडळींचा इतिहास लिहावयास बसले की लेखणी आपोआप घाटांकडे वळते. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकासाठी येथून रायगडास गेलेले गागाभट्ट, इ. स. १७८० मध्ये विश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभे करणाऱ्या अहिल्याबाई, येथेच जन्मलेल्या झाशीच्या राणीसाहेब, शिंदे आणि भोसले यांचे घाट, ही नामावळी आपल्याकडील शाळकरी मुलांसही पाठ असते. स्मरणिका समितीने मजकडे लेख मागितला, तोही याच विषयावर. मी मात्र समितीची क्षमा मागून जेमतेम वीतभर लांबीच्या एका सुईविषयी लिहीत आहे. घाट बांधणाऱ्याचे नाव दगडावर कोरलेले सापडते. मंडळाच्या गणपतीखाली दरवर्षी अंथरला जाणारा पांढरा जाळीदार रुमाल कोणाच्या हातचा, हे विचारले तर आज कोणासही सांगता येत नाही.

दुर्गाघाट, ब्रह्माघाट या भागांतील जुन्या वाड्यांत स्त्रियांचे हात रिकामे असे कधी नसत. काशीवासासाठी आलेल्या वृद्धा, त्यांत विधवा पुष्कळ, दुपारच्या वेळी कापूस पिंजून वाती वळीत, गेजवस्त्रे करीत. लाख वातींचा संकल्प सोडलेली बाई महिनोन्‌महिने त्याच कामात असे. या कलेला कोणी कला म्हटले नाही, कारण ती जळून जाण्यासाठीच होती. क्रोशाकाम तसे नव्हे. ते टिकते, पेटीत घडी घालून ठेवता येते, आणि आश्चर्य असे की, आपण ज्याला आजीच्या काळापासूनचे समजतो ते फारसे जुने नाही.

क्रोशे हा फ्रेंच शब्द. त्याचा अर्थ लहानसा आकडा. आज आपण जाणतो ते क्रोशाकाम युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी रूढ झाले. दोन सुयांवरचे विणकाम त्याहून कितीतरी पुरातन. परंतु क्रोशाच्या मुळाशी आपल्याकडील आरीकाम असावे, असे काही अभ्यासकांचे मत आहे. चौकटीवर ताणलेल्या कापडातून आकडीदार सुईने साखळीचा टाका ओढण्याची ही पद्धत पूर्वेकडून अठराव्या शतकात युरोपात गेली, आणि पुढे कापड गळून नुसती साखळीच हवेत विणली जाऊ लागली, असे ते मांडतात. निर्णायक पुरावा यास नाही. तरी येथील जरदोजी कारागिराच्या हातातील आरी जवळून पाहिली, की हे मत सर्वस्वी निराधार वाटत नाही, एवढे खरे.

महाराष्ट्रात शिवण-विणकामाचे शिक्षण प्रथम मिशनच्या मुलींच्या शाळांतून दिले जाऊ लागले. पुढे पुण्यात १८८४ साली हुजूरपागेची शाळा निघाली आणि १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सेवासदन उभे राहिले. सेवासदनाने प्रौढ व निराधार स्त्रियांस हस्तव्यवसाय शिकविण्याचे काम मोठ्या निष्ठेने केले. मुलीच्या हाती इंग्रजी पुस्तक दिसले तर ज्या घरात गहजब होई, त्याच घरात सुईदोरा दिसला तर वडीलधाऱ्यांस समाधान वाटे. शाळेचा उंबरठा ओलांडण्यास या सुईने किती मुलींना साहाय्य केले असेल, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. यथावकाश क्रोशा रुखवतात आला, बाळंतविड्यात आला, मासिकांतून त्याचे नमुने छापून येऊ लागले. मग तोरणे झाली, ताटावरचे रुमाल झाले, रेडिओची व दूरचित्रवाणी संचाची झाकणे झाली. (या झाकणांची आपण मुलांनी यथेच्छ थट्टा केली, हेही नमूद करावयास हवे.) मात्र हे सारे बहुधा पांढऱ्या सुती दोऱ्याचे.

माझी आई याच परंपरेतील. माझी बदली येथे झाली आणि ती सांगलीहून आमच्याकडे राहावयास आली, तेव्हा तिने सत्तरी ओलांडली होती. पौषातले काशीचे धुके तिने कधी पाहिले नव्हते. दोन दिवस सूर्य दिसला नाही तेव्हा ती म्हणाली, “इथं दोऱ्याचं काय काम? लोकर आण.” नातीसाठी फुलाफुलांचा स्कार्फ करावयाचा असे तिने ठरविले.

त्याची रीत सांगण्यासारखी आहे. सहा साखळ्यांचे वेटोळे करावयाचे, त्यात बारा खांब घालावयाचे, त्यांवर साखळ्यांच्या सहा कमानी टाकावयाच्या आणि प्रत्येक कमानीत खांब भरून पाकळी फुगवावयाची. असे फूल सुमारे तीन इंचांचे होते. दोन फुले रुंद आणि वीस फुले लांब म्हणजे साठ इंचांचा स्कार्फ, चाळीस फुले. जोडण्याच्या पद्धती दोन. शेवटची फेरी विणतानाच पाकळीच्या टोकाशी सुई शेजारच्या फुलात घालून मुका खांब घ्यावयाचा, म्हणजे शिवण दिसत नाही. किंवा सगळी फुले करून ठेवावयाची आणि मागाहून जोडावयाची. आईने दुसरी पद्धत घेतली. फुले सुटी असली की मांडणी बदलता येते, आणि रेल्वेच्या प्रवासात मांडीवर भला मोठा पसारा घ्यावा लागत नाही, असे तिचे म्हणणे. बदलीच्या नोकरीतील संसारास ही पद्धत फार सोयीची, हे माझ्या तेव्हा प्रथम ध्यानी आले.

सुटी फुले करून जोडण्याची ही युक्ती आयर्लंडमध्ये एका संकटात फार वाढली. १८४५ पासून तेथे बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि भीषण दुष्काळ आला. सुईच्या नाजूक लेसपेक्षा क्रोशाची लेस लवकर होते आणि तिला भांडवल म्हणून एक आकडी व दोरा पुरतो. कॉर्कजवळील ब्लॅकरॉक येथील जोगिणींच्या मठाने, तसेच १८४७ पासून क्लोन्स या गावी पाद्र्याच्या पत्नी कॅसँड्रा हँड यांनी, स्त्रियांना हे काम शिकविले. कोणी गुलाब विणी, कोणी तीन दळांचे शॅमरॉकचे पान विणी. ते सारे गोळा करून तिसरीच कोणी बाई जाळीने जोडीत असे. ज्या झग्याच्या गळ्यावर ती लेस शोभे, त्याच्या मालकिणीस हे हात ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

आपल्या देशातही असेच झाले. आंध्रात गोदावरीच्या मुखाजवळील नरसापूर येथे एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी लेसकाम नेले आणि ते घरोघर पसरून निर्यातीचा धंदा बनले. जर्मन विदुषी मारिया मीस यांनी १९८२ साली या स्त्रियांवर पुस्तक लिहिले. दिवसभर विणून परदेशी बाजार भरणाऱ्या या बायकांची गणना ‘घरी बसलेल्या गृहिणी’ अशीच होते, हे त्यांनी दाखविले. २०२४ मध्ये नरसापूरच्या क्रोशा लेसला भौगोलिक मानांकन मिळाले.

ही माहिती मी मुद्दाम शोधली, त्यास एक घरगुती कारण घडले. त्याच वर्षी फाल्गुनात आई गेली. तिच्या बिस्किटांच्या डब्यात एकतीस फुले निघाली. माझ्या पत्नीस रुमाल विणता येत होता, परंतु हे फूल तिला साधेना आणि लिहून ठेवलेले काहीच नव्हते. आमच्या वसाहतीत शेजारी राहणाऱ्या बाई नरसापूरकडच्या. त्यांनी एक फूल उलटे करून नखाने खांब मोजले आणि दहा मिनिटांत तसेच दुसरे करून दाखविले. त्यांच्या गावीही फुले करणाऱ्या वेगळ्या आणि जोडणाऱ्या वेगळ्या असत. त्यांची आई जोडणारी होती.

राहिलेली नऊ फुले दोघींनी मिळून केली. शेजारणीचा हात घट्ट, त्यामुळे तिची फुले सुताने लहान भरली. पुष्कळ विचार करून ती मानेमागे येतील अशी मधोमध घातली. स्कार्फ मेजावर पसरला की तेथे तो किंचित आत गेलेला दिसतो. पुढे पत्नीने कापडाची एक लहान पट्टी आतल्या बाजूस शिवून तीवर तिघींची नावे आणि साल दोऱ्याने काढले. शेजारणीने आपले नाव तेलुगूत लिहून दिले होते. त्यातील एका अक्षराचे वळण उलटे आले आहे, असे त्या अजून म्हणतात.