कडबा कापण्याच्या यंत्रापासून विजेच्या मोटारीपर्यंत : किर्लोस्कर उद्योगाची वाटचाल

मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना रंगांधत्वामुळे कुंचला खाली ठेवावा लागला. यंत्रांचे आरेखन मात्र हाताला बसले आणि त्या बळावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये नोकरीही मिळाली. बंधू रामुअण्णांसह त्यांनी बेळगावात सायकलचे दुकान काढले. १८८८ हे उद्योगाचे स्थापनावर्ष मानले जाते.

दुकानामागोमाग कारखाना आला. त्यात प्रथम कडबा कापण्याचे यंत्र तयार झाले. पेंढी पुढे सरकवायची, चाक फिरवायचे. पाती धाटांचे बारीक तुकडे पाडत जातात आणि वैरण वाया जात नाही. सोलापूरसारख्या ज्वारीच्या मुलखाला या यंत्राचे मोल वेगळे सांगायला नको. लोखंडी नांगराचे तसे झाले नाही. लोखंडाने जमीन नासते, अशी समजूत होती. पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली. तरीही लक्ष्मणरावांनी नांगराचा नाद सोडला नाही, ही या इतिहासातली सर्वांत मोठी गोष्ट म्हणावी लागेल.

पुढे बेळगावची जागा सोडावी लागली. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. निवडुंग तोडून, साप-विंचवांशी झगडत १९१० च्या मार्चमध्ये किर्लोस्करवाडी वसली. वसाहतीचा कारभार रामुअण्णांनी पाहिला. शंभूराव जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर यांनी कारखाना उभा केला. रात्रीचा पहारा तुरुंगवास भोगून आलेल्या तुकाराम रामोश्याकडे सोपवला होता. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूर संस्थानच्या जुन्या तोफा वितळवून नांगर ओतले गेले.

१९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही कंपनी नोंदली गेली आणि १९२६ मध्ये पाणी उपसणारा पंप तयार झाला. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील एमआयटीतून अभियंता झाले. १९४६ मध्ये पुण्यात ऑइल इंजिनांचा, तर बंगळूरमध्ये विजेच्या मोटारींचा कारखाना निघाला. मोटारींची धुरा धाकटे चिरंजीव रवी किर्लोस्करांनी वाहिली. हा विस्तार पाहून लक्ष्मणरावांनी २६ सप्टेंबर १९५६ रोजी जगाचा निरोप घेतला.

हाताने फिरवायचे कडबाकुट्टीचे चाक आता गोठ्यागोठ्यात मोटारीवर फिरते. सोलापूरजवळच्या टिकेकरवाडीत किर्लोस्कर फेरसच्या कारखान्यात ट्रॅक्टर आणि इंजिनांचे सुटे भाग ओतले जातात.