मेहकर व लोणार येथील महानुभावीय स्थानें आणि पंथाचा नित्याचार

बुलढाणा जिल्ह्यांतील मेहकर व लोणार हीं दोन गांवें इतिहासाच्या अभ्यासकांस निरनिराळ्या कारणांनीं परिचित आहेत. मेहकर पैनगंगेच्या कांठीं असून तेथील शार्ङ्गधर बालाजीची मूर्ति शिल्पदृष्ट्या प्रसिद्ध आहे. लोणार येथें खाऱ्या पाण्याचें सरोवर, अखंड वाहणारी धार आणि दैत्यसूदनाचें देवालय आहे. परंतु या दोन्ही गांवांस आणखी एक महत्त्व आहे व त्याकडे पंथाबाहेरील लोकांचें लक्ष फारसें गेलेलें नाहीं. महानुभाव पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधर हे आपल्या एकाकी भ्रमणाच्या काळांत या दोन्ही ठिकाणीं राहिले होते. म्हाइंभटकृत लीळाचरित्राच्या एकांक या भागांत या वास्तव्याच्या लीळा आल्या असून स्थानपोथींत दोन्ही गांवांचीं स्थानें नोंदलेलीं आहेत.

या स्थानांच्या निमित्तानें आम्ही एका जुन्या प्रश्नाचा विचार करूं इच्छितों. तेराव्या शतकांत या पंथानें वर्णश्रेष्ठत्वाचा अभिमान, विटाळाची कल्पना, स्त्रियांस मोक्षमार्गांत दिलेलें गौण स्थान आणि ज्ञानावरील संस्कृताची मिरासदारी या साऱ्यांना विरोध केला. त्यास राजाश्रय नव्हता, शस्त्रबळ नव्हतें, वतन नव्हतें. विद्वानांचा व अधिकाऱ्यांचा रोष मात्र होता. असें असतां हा विरोध एका पुरुषाच्या हयातीबरोबर विझला कां नाहीं? याचें उत्तर पंथाच्या तत्त्वज्ञानांत शोधण्याची आपली रीत आहे. आमच्या मतें तें पंथाच्या नित्याचारांत अधिक स्पष्टपणें सांपडतें.

प्रथम स्थानांविषयीं. मेहकर येथें चक्रधरांची बोणेबाई नांवाच्या स्त्रीशीं भेट झाली. बोणें म्हणजे देवास दाखवावयाचा नैवेद्य. या बाईनें अन्न देऊन त्यांची सेवा केली व तिचें नांव लीळाचरित्रांत कायमचें राहिलें. पुढें लोणार येथें यादव राजा कान्हरदेव त्यांच्या भेटीस आला. हा कान्हरदेव म्हणजे इ. स. १२४७ ते १२६१ या काळांत देवगिरीवर राज्य करणारा कृष्ण यादव होय. राजाची भेट ही त्या काळीं कोणत्याहि पंथाच्या भाग्योदयाची पहिली पायरी समजली जात असे, कारण भेटीमागून अग्रहार येई व अग्रहारामागून मठ येई. परंतु चक्रधरांनीं लोणारच्या त्या भेटीवर मठ उभारला नाहीं. ते तेथून पुढें चालते झाले. मेहकरची एक साधी स्त्री आणि देवगिरीचा राजा या दोघांच्या भेटी एकाच ग्रंथांत, एकाच साध्या भाषेंत, सारख्याच निगुतीनें नोंदल्या जाव्यात, ही गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते.

आतां विरोध कशास होता तें पाहूं. महादेव यादव व रामचंद्र यादव यांच्या कारकीर्दींत करणाधिप हेमाद्रि यानें चतुर्वर्गचिंतामणि हा प्रचंड ग्रंथ रचला. त्याच्या व्रतखंडांत व्रतें, दानें व उद्यापनें यांचा एवढा विस्तार आहे कीं, सामान्य गृहस्थाचें सारें वर्ष त्यांत संपावें. या धर्माचा भार उचलण्यास द्रव्य लागे, तो सांगण्यास पुरोहित लागे, आणि ज्यांस द्रव्य नाहीं किंवा ज्यांचा स्पर्श चालत नाहीं त्यांस त्यांत स्थान नसे. याच काळांत चक्रधर गांवोगांव फिरून मराठींत निरूपण करीत होते. त्यांच्या परिवारांत बाइसा, महदाइसा, आबाइसा, उमाइसा अशा अनेक स्त्रिया होत्या. त्या नुसत्या श्रोत्या नव्हत्या. त्या प्रश्न विचारीत व त्यांच्या प्रश्नांतूनच निरूपणाचा मोठा भाग निघाला. रजोदर्शनाच्या विटाळाविषयीं चक्रधरांनीं दिलेला निर्वाळा असा कीं, तो शरीराचा एक धर्म आहे व इतर देहधर्मांहून त्यांत अधिक अमंगल असें कांहीं नाहीं. त्यांचे गुरु ऋद्धिपूरचे गोविंदप्रभु हे तर कोणत्याहि जातीच्या घरीं बालकासारखे शिरत. ही वृत्ति सनातन्यांस मानवणारी नव्हती. हेमाद्रि व पैठणचे पंडित यांच्याशीं आलेल्या वैराचे प्रसंग पंथीय ग्रंथांत निरनिराळ्या पाठांनीं आलेले आहेत. इ. स. १२७४ च्या सुमारास चक्रधर महाराष्ट्र सोडून उत्तरेकडे निघून गेले, अशी पंथाची श्रद्धा आहे.

प्रवर्तक गेल्यावर मागें राहिला तो आचार. त्याचीं मुख्य अंगें चार सांगतां येतील: भिक्षा, अटन, विजन आणि स्मरण. हीं चारहि अंगें वैयक्तिक मोक्षासाठीं सांगितलेलीं आहेत, हें आम्ही प्रथमच कबूल करितों. तथापि प्रत्येकाचा सामाजिक परिणाम काय झाला हें पाहिलें म्हणजे त्यांचें दुसरें रूप दिसूं लागतें.

भिक्षेचा नियम असा कीं, ती चारी वर्णांच्या घरीं मागावी, ओळखीचें किंवा गोडधोडाचें घर निवडूं नये आणि झोळींत पडेल तें एकत्र करून खावें. ब्राह्मण कुळांत जन्मलेल्या संन्याशानें ही भिक्षा एकदां मागितली तर तो एक धाडसाचा प्रसंग होईल. परंतु ती त्यानें रोज, जन्मभर मागावयाची असे. जातीचा अभिमान एका प्रतिज्ञेनें सुटत नाहीं. तो दुसऱ्या दिवशीं सकाळीं पुन्हा उगवतो. त्यास रोजच्या झोळीनें रोज खोडून काढावें, अशी ही योजना आहे. उपदेश दुसऱ्यास करावयाचा असतो, भिक्षा स्वतःस मागावी लागते. म्हणून भिक्षेंत दंभास जागा कमी उरते.

अटन म्हणजे सतत फिरणें. एका गांवीं फार काळ राहूं नये, आपला देश व आपला गोतावळा सोडावा, ओळख वाढूं लागली कीं उठावें, असा हा नियम आहे. ज्याचें घर नाहीं त्याचें घर जप्त करतां येत नाहीं. ज्याचा मठ नाहीं त्यास मठाच्या उत्पन्नासाठीं कोणाची मर्जी राखावी लागत नाहीं. लोणारच्या राजभेटीनंतर चक्रधर चालते झाले, यांतील मर्म हेंच होय.

विजन म्हणजे दिवसाचा कांहीं भाग वस्तीबाहेर, झाडाखालीं किंवा ओस देवळांत एकट्यानें घालविणें. लोकनिंदेस रोज तोंड देणाऱ्या माणसास या एकांताची गरज किती असते, हें ज्यांनीं कोणतेंहि सार्वजनिक कार्य दीर्घकाळ केलें आहे त्यांस सांगावयास नको. निंदेनें मन कडवट होतें व स्तुतीनें तें सैल पडतें. विजनांत दोन्ही ओसरतात. ज्यास हा एकांत नाहीं तो थोड्याच वर्षांत थकून तरी बसतो किंवा ज्याच्याशीं लढतो त्याच्यासारखा तरी होतो.

चौथें अंग स्मरण. महानुभावांचें स्मरण केवळ नामाचा जप नव्हे. नाम, मूर्ति, लीळा व चेष्टा या सर्वांचें स्मरण त्यांस विहित आहे. म्हणजे विजनांत बसलेला साधक मेहकरची बोणेबाई आठवी, लोणारचा राजा आठवी, एखाद्या म्हातारीचा प्रश्न व त्यास मिळालेलें उत्तर आठवी. ज्यांत देव माणसांमाणसांत भेद करीत नाहीं अशा प्रसंगांची उजळणी तो रोज करी. स्थानपोथीचा उपयोगहि हाच. अमुक गांवीं अमुक देवळाच्या अमुक दिशेस स्वामी बसले, इतका बारकावा तींत आहे आणि त्या जागीं ओटे बांधून पंथीय लोक आजहि नमन करितात. दगडाच्या ओट्यानें एक प्रसंग सातशें वर्षें धरून ठेविला, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

या आचाराची कसोटी लवकरच लागली. चक्रधरांमागें पंथाची धुरा नागदेवाचार्य उर्फ भटोबास यांजकडे आली. स्मृतिस्थळांतील एक प्रसंग प्रसिद्ध आहे. केशवराज पंडितांसारखे संस्कृतज्ञ शिष्य शास्त्रीय भाषेंत बोलूं लागले, तेव्हां नागदेवांनीं त्यांस अडविलें व चक्रधरांनीं आपणांस मराठींतच सांगितलें आहे, तेंच विचारा, असें बजावलें. संस्कृतानें आपल्या परिवारांतील वृद्ध स्त्रिया वंचित होतील, ही त्यांची चिंता होती. पंडितांच्या मेळ्यांत प्रतिष्ठा मिळविण्याचा मोह त्यांनीं टाळला, कारण झाडाखालीं बसणाऱ्या माणसास त्या प्रतिष्ठेची जरुरी नव्हती.

दुसरी कसोटी ग्रंथाची. म्हाइंभटानें ठिकठिकाणीं जाऊन, प्रत्यक्ष पाहणाऱ्यांस विचारून लीळा गोळा केल्या. पुढें खलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमींत मूळ पोथी नाहींशी झाली, असें परंपरा सांगते. तेव्हां पंथीयांनीं ती स्मरणांतून पुन्हा उभी केली व त्यामुळेंच लीळाचरित्राचे निरनिराळे पाठ झाले. त्यांतील एक पाठ हिराइसा या स्त्रीच्या नांवानें ओळखला जातो. ज्या आचारानें स्मरण हें नित्यकर्म ठरविलें व ज्या पंथानें तें स्त्रीसहि खुलें केलें, त्याचा ग्रंथ एका स्त्रीच्या स्मरणशक्तीच्या बळावर वांचावा, यांत आम्हांस दैवयोगापेक्षां कार्यकारणभावच अधिक दिसतो.

येथें प्रतिपक्षाचा एक आक्षेप विचारांत घेतला पाहिजे. आचारानें पंथ टिकला असेल, परंतु विरोध टिकला काय? हा आक्षेप पोकळ नाहीं. चौदाव्या शतकापासून पंथानें आपले ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादि सांकेतिक लिप्यांत लिहिण्यास आरंभ केला. त्यामुळें ग्रंथांचें पावित्र्य राखलें गेलें. परंतु ज्या मराठीसाठीं नागदेव पंडितांशीं भांडले ती मराठी कुलपांत गेली. फिरणाऱ्या संन्याशांच्या जागीं मठ व महंत आले. गृहस्थ अनुयायी बहुधा आपापल्या जातींतच राहिले व जातीचे व्यवहार पाळीत राहिले. लोकांत गैरसमज वाढले, ‘मानभाव’ हा शब्द ढोंगी या अर्थानें रूढ झाला आणि ‘करणी कसाबाची, बोलणी मानभावाची’ अशी म्हण पडली. इ. स. १७८२ मध्यें सवाई माधवराव पेशव्यांच्या कारकीर्दींत, या लोकांचा चार वर्णांशीं संबंध नाहीं व त्यांचा उपदेश कोणीं ऐकूं नये, अशा आशयाचा निर्णय झाला. ज्यांनीं वर्णाचा अभिमान टाकला त्यांस वर्णाबाहेर टाकून शिक्षा दिली गेली.

परंतु हाच इतिहास आमच्या मतास पुष्टि देतो. पंथाचा प्रतिकार मंदावला तो आचारामुळें नव्हे. आचाराचें एकेक अंग ढिलें पडल्यामुळें. अटन थांबलें तेथें मठ आला. चारी वर्णांची भिक्षा गृहस्थास लागू नव्हती, म्हणून गृहस्थाची जात राहिली. स्मरण लिपीच्या आड गेलें, म्हणून बाहेरच्यांस तें प्रसंग कळेनासे झाले. जेथें आचार जिवंत राहिला तेथें विरोधहि राहिला. संन्यासदीक्षा स्त्रियांस देण्याची प्रथा पंथानें कधीं सोडली नाहीं, ही लहान गोष्ट नव्हे.

अशी उदाहरणें अन्यत्रहि आहेत. अमेरिकेंतील क्वेकर पंथाचा जॉन वूलमन (१७२०–१७७२) हा गुलाम बाळगणाऱ्या स्वधर्मीयांच्या घरीं फिरत राहिला व अशा घरीं उतरल्यावर सेवा करणाऱ्या गुलामांस मोल देत असे. त्याच्या पंथाच्या फिलाडेल्फिया येथील वार्षिक सभेनें सभासदांस गुलाम बाळगण्याची बंदी केली ती १७७६ मध्यें, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनीं. मौन उपासना, भ्रमण आणि रोजच्या वागणुकींतून अन्यायाशीं असहकार, हीच सामग्री तेथेंहि दिसते. फळ हातीं लागण्यापूर्वीं माणूस जातो. आचार त्याच्या मागें काम करीत राहतो.

कुलपांत गेलेलें स्मरण पुन्हा बाहेर आलें तें विसाव्या शतकांत. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे व विनायक लक्ष्मण भावे यांनीं या वाङ्मयाकडे महाराष्ट्राचें लक्ष वेधलें. यशवंत खुशाल देशपांडे यांचा महानुभावीय मराठी वाङ्मय हा ग्रंथ १९२५ मध्यें निघाला. हरि नारायण नेने यांनीं लीळाचरित्र १९३६ पासून भागशः प्रसिद्ध केलें. या परंपरेंतील अग्रगण्य संशोधक विष्णु भिकाजी कोलते (१९०८–१९९८) हे याच बुलढाणा जिल्ह्यांतील, मलकापूर तालुक्यांतील नरवेल गांवचे. त्यांनीं १९४५ मध्यें महानुभाव तत्त्वज्ञान लिहिलें व त्यापाठोपाठ १९४८ मध्यें महानुभावांचा आचारधर्म हा स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तत्त्वज्ञान सांगून झाल्यावर आचारास वेगळा ग्रंथ द्यावासा वाटला, यांतच त्यांच्या दृष्टीची मार्मिकता आहे.

सारांश, अन्यायाशीं दीर्घकाळ झुंजणाऱ्यांस आवेश पुरत नाहीं. आवेशास विश्रांतीचा दिवस असतो, अन्यायास नसतो. झोळी, वाट, झाड आणि आठवण एवढ्या सामग्रीवर तेराव्या शतकांतील कांहीं स्त्रीपुरुषांनीं एक विरोध पिढ्यान्‌पिढ्या चालविला आणि ती सामग्री जेथें हातची सुटली तेथें तो ओसरला, ही दोन्ही सत्यें मेहकर-लोणारचे ओटे सांगतात. या स्थानांच्या जागा, त्यांजवळील जुनीं देवळें व स्थानपोथींतील दिशा यांचा मेळ प्रत्यक्ष जागेवर जाऊन घालण्याचें काम जिल्ह्यांतील अभ्यासकांनीं हातीं घ्यावें, अशी आमची विनंति आहे. तें करतांना राजाच्या भेटीची जागा जितक्या आस्थेनें शोधावी, तितक्याच आस्थेनें बोणेबाईचीहि शोधावी.